असंबद्ध स्वगतं, उत्स्फूर्त संवाद आणि संगीत असा प्रायोगिक रेडिओ कार्यक्रम मराठीत चालेल का? श्रोत्यांना आधी समजावून सांगावं लागेल का?

चालेल. आणि दुसऱ्या भागाचं उत्तर: नाही, अजिबात समजावायचं नाही. खरं तर त्या दुसऱ्या भागासाठीच लिहायला बसलोय.

इंदूरला मी आणि माझा एक पेटी वाजवणारा मित्र एका लहान स्टेशनसाठी रात्रीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचो. त्यातला एक भाग सांगतो. एका कारकुनाकडे संध्याकाळचा चार्ज असतो. दिवस कलला की राजवाड्यापासून निघायचं, घरोघर संध्याकाळ पोचवायची आणि पावतीवर सही घ्यायची. हे स्वगत मी शब्दन् शब्द लिहून काढलं होतं आणि कार्यालयीन टिपण वाचावं तसं सरळ वाचलं. आवाजात गंमत आणायची नाही, हा आमचा पक्का नियम. ज्याच्याकडे हा चार्ज आहे त्याला त्यात विचित्र काही वाटतच नसतं, त्याला फक्त उशीर होत असतो.

रामबागेतल्या एका घरी बाई सही करायला नकार देतात, इथवर कागदावर होतं. त्या बाईंचं काम आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकांनी केलं. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्यांना एवढंच सांगितलं होतं की दारात एक माणूस येईल, संध्याकाळ देऊ करेल, तुम्ही ती घ्यायची नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर त्या म्हणाल्या, "कालचीच अजून गेली नाही हो. ओसरीवर बसलीये. नवी कुठं ठेवू?" मी कारकुनी थाटात म्हणालो, परत न्यायची सोय नाही. त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, त्या दिवसाचीये ती. मी तिला जा म्हटलं नाही, म्हणून राहिली."

हे कुणीही लिहून देऊ शकलं नसतं. मित्र मागे पेटीवर मारवा राग वाजवत होता. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि षड्जावर, म्हणजे सा वर, टेकणं लांबवत राहिलं की ऐकणाऱ्यालाही कुठे टेकता येत नाही. त्याला आधीच बजावलं होतं की बोलण्यातलं दुःख पेटीतून दाखवायचं नाही. ताई थांबल्या तेव्हा त्यानंही हात उचलला. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात मोठं संगीत ते होतं.

कार्यक्रम बघणाऱ्या साहेबांनी आम्हाला न विचारता त्याचं काय केलं ते ऐका. सुरुवातीला निवेदन टाकलं, "सादर आहे एक हलकंफुलकं प्रहसन". ताईंची शांतता डेड एअर, म्हणजे आवाजाविना वाया गेलेला वेळ, म्हणून कापली. "नवी कुठं ठेवू" नंतर हशा चिकटवला. ताईंनी ते घरी सुनेसोबत बसून ऐकलं. साहेबांचं म्हणणं एकच होतं, "आपल्या लोकांना सांगावं लागतं, नाहीतर ते स्टेशन बदलतात."

कोण आपले लोक? याच माळव्यानं आकाशवाणी इंदूरवर नंदाजी आणि भेराजींच्या माळवी गप्पा पिढ्यान् पिढ्या ऐकल्या. त्या गप्पा कागदावरून वाचल्यासारख्या मला कधीच वाटल्या नाहीत. एकनाथांची भारुडं तर आपण काही शतकं ऐकतोय. तिथे कुणी आधी उभं राहून सांगत नाही की आता जरा विचित्र ऐकायला मिळेल. कीर्तनात बुवा गातात, गोष्ट सांगतात, भलतीकडे वळतात, पेटी-तबला त्यांच्यामागे जातात आणि समोरची आजी कुठेही हरवत नाही.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकन रेडिओ कलाकार जो फ्रँक ऐका. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या रेडिओ स्टेशनवर 1977 च्या सुमाराला सुरुवात, 1986 पासून कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या केसीआरडब्ल्यू स्टेशनवर. तो नटांना प्रसंग द्यायचा, ते आयत्या वेळी बोलायचे, मग भरपूर रेकॉर्डिंगमधून तो थोडंसंच ठेवायचा. खाली संगीताचा एकच तुकडा फिरत राहायचा आणि वर त्याचा तो संथ आवाज. खरं काय, रचलेलं काय, हे ऐकणाऱ्यावर सोडलेलं. बीबीसी रेडिओचा विनोदी गून शो (1951 ते 1960) हा दुसऱ्या टोकाचा, पूर्ण लिहिलेला आणि समोर प्रेक्षक हसत असलेला. तोही उत्तम आहे, पण तुम्ही जे विचारताय त्याला फ्रँक जवळचा.

सुरुवात कशी करायची, तर स्वगत लिहूनच काढा. उत्स्फूर्तपणा दुसऱ्या माणसाकडून घ्या, आणि तो माणूस नट नसेल तर उत्तम. त्याला परिस्थिती द्या, वाक्यं देऊ नका. वादक त्याच खोलीत हवा, त्यानं ऐकून वाजवावं. नंतर संगणकावर चिकटवलेलं संगीत मला चालत नाही. पॉडकास्ट करणं सोपं आहे हे कबूल, पण तिथे माणूस शोधून येतो. रात्री रेडिओ लावल्यावर अचानक कानावर पडणं हा या प्रकाराचा अर्धा जीव आहे, म्हणून जमलं तर कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या लहान स्टेशनवर, वेळ मागा. 2006 पासून सामाजिक संस्थांनाही त्याचा परवाना मिळू शकतो, आणि खासगी एफएमपेक्षा तिथे जाहिरातीचा दबाव कमी असतो.

आता दोन गोष्टी. "समजावू नका" याचा अर्थ फसवा असा नाही. बातमीपत्राचा किंवा सरकारी सूचनेचा थाट घेऊ नका. 30 ऑक्टोबर 1938 ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सच्या, मंगळवासी पृथ्वीवर हल्ला करतात अशा रेडिओ नाटकानं काही श्रोते खरोखर घाबरले होते आणि ते बातम्यांच्या रूपात होतं म्हणूनच. दुसरं, समोरचा माणूस आयत्या वेळी स्वतःचं खरं काही बोलून गेला तर प्रसारणापूर्वी त्याला ऐकवा आणि परवानगी घ्या. आम्ही ताईंना ऐकवलं होतं. त्यांनी हो म्हटलं होतं ते शांततेसकट.

आणि स्टेशनला रेकॉर्डिंग देण्याआधी लेखी घ्या की निवेदन, काटछाट आणि हशा तुम्हाला विचारल्याशिवाय होणार नाही. नाही म्हणाले तर देऊ नका.