कॅमेऱ्याला कुलूप लावून काय साधलं?

नॉर्थ डकोटातल्या फार्गोहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावीत, गणितात हुशार. उणे २० अंशांत ती ओसाड शेतघरांचे फोटो काढत हिंडते, तेही चार बाय पाच इंची फिल्मच्या कॅमेऱ्यावर. वडिलांनी तो कपाटात बंद केलाय. 'तिला कॉम्प्युटर सायन्सचं महत्त्व पटवा', अशी विनंती आहे.

तुमच्या पत्रात मार्कांना दोन ओळी आणि 'पुण्यात नातेवाइकांना काय सांगू' याला दीड पान. म्हणजे अडचण मुलीची नाही, तुमची आहे. ती हल्ली ताट खोलीत घेऊन जाते, हे तुम्हीच लिहिलंय. कुलपाने अभ्यास वाढला नाही, बोलणं तेवढं बंद झालं. आधी कॅमेरा परत द्या.

कॉम्प्युटर सायन्सपुरते मार्क तिच्याकडे आहेत. तो प्रश्नच नाही.

'मेलेल्या तंत्रात बटण दाबायचं, त्यात कसलं करिअर?' हे तुमचं वाक्य मात्र मला तसंच सोडवत नाही. त्या कॅमेऱ्याच्या होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चौकटीत, दोनच फिल्म बसतात. काळ्या कापडाखाली काचेवर चित्र उलटं दिसतं. श्वास लागला की काच गोठते. लाइट मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारं यंत्र, बर्फाला करडा समजतो, म्हणून प्रकाश दीड-दोन स्टॉप वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), नाहीतर बर्फ मळकट येतो. अमेरिकेत जुन्या वास्तूंची सरकारी नोंद १९३३ पासून होते आहे, तिच्या मोठ्या निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपल्यात. २०१५ च्या अखेरीस ही नोंद करणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याने याच कामासाठी छायाचित्रकार हवा म्हणून जाहिरात दिली होती, पगार वर्षाला जवळपास लाख डॉलरपर्यंत. अर्थात अशा जागा मोजक्याच, त्यामुळे निव्वळ फोटोग्राफीची पदवी मीही सुचवणार नाही.

मी आर्किटेक्चर आणि त्यापुढे वास्तुसंवर्धन सुचवेन. आर्किटेक्चर तुमच्या गावच्या विद्यापीठातच आहे. पण तिलाही एक सांगा: बर्फातलं पडकं घर कुणीही काढलं तरी देखणंच दिसतं. तिथे राहत कोण होतं? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळे, पाच वर्षं राहून कसायच्या अटीवर. त्या कोरड्या मुलखात तेवढ्यावर भागेना. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात कितीतरी कुटुंबं निघून गेली. जमिनीचे मूळ पट्टे, म्हणजे मालकीची सरकारी कागदपत्रं, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतात. प्रत्येक फोटोला असा पट्टा जोडला, तर प्रवेश-अर्जाला वजन येईल.

आणि ओसाड घर बेवारस नसतं. मालकाला न विचारता, एकटीने, कुजलेल्या फळ्यांवर ती चढत असेल, तर त्यावरून मात्र खुशाल रागवा.