दप्तरात काहीच सापडलं नाही, मग पुढे?

‘शाळेला मुलांचं दप्तर तपासायचा अधिकार आहे का हो? आणि तक्रार केली तर मुलीलाच पुढे त्रास होणार नाही ना?’ पालकांचे हे दोन प्रश्न नेहमी जोडीनेच येतात. पहिला कायद्याचा, दुसरा भीतीचा. नुसती कलमं सांगून घरातली घुसमट थांबत नाही, म्हणून उत्तर माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका केसच्या आधाराने देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी आठवीतली. वर्गातल्या एकीचे सहलीचे पैसे गेले. बाईंनी दार लावून घेतलं आणि तिच्या आजूबाजूच्या मुलींची दप्तरं बाकावर उलटी केली. हिच्या दप्तरातून वह्या, डबा, मैत्रिणीची चिठ्ठी आणि सॅनिटरी पॅडचं पाकीट बाहेर पडलं. मागची मुलं हसली. पैसे मिळाले नाहीत. ‘भरा सगळं’ म्हणून तास सुरू झाला. मग रोज सकाळी पोटदुखी आणि शेवटी शाळाच नको.

वडील फाईल घेऊन आले होते, वकिलांना भेटूनही आले होते. त्यांना बाईंवर कारवाई हवी होती. आई हळूच म्हणाली, ‘मी एकदाच विचारलं, तू घेतले नाहीस ना? तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही.’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. विचारणाऱ्याला तो साधी खातरजमा वाटतो, पण मुलाच्या लेखी ती दुसरी झडती असते.

मुलगी सुरुवातीला हो-नाही एवढंच बोलायची. एकदा आईच्या बोलण्यातून कळलं की ती रात्री दप्तर पूर्ण रिकामं करून पुन्हा भरते, क्लासहून निघतानाही प्रत्येक कप्पा चाचपते. बाईंनी दप्तर एकदाच तपासलं होतं. ही मात्र रोज तपासत होती.

‘काय सापडेल असं वाटतं तुला?’
‘काही नाही. पण कोणी मुद्दाम टाकलं तर?’
‘समजा टाकलं. मग तू चोर झालीस?’
बराच वेळ गप्प. मग, ‘नाही. माझ्याकडे सापडलं असं होईल.’
‘आणि चोर कोण?’
‘टाकणारा.’ आणि ती पहिल्यांदा हसली.

लोकांनी संशय घेणं आणि आपण तसे असणं, या दोन गोष्टींमध्ये एक फट असते. ती फट मुलाने स्वतः पाहिली की निम्मं काम होतं. भावना गोंजारण्याआधी तिच्यामागचा विचार पकडावा, या मताची मी आहे, आणि इथे तो विचार एका वाक्यात हाती लागला. पुढच्या भेटीत विचारलं, ‘बाबांना बाईंवर कारवाई हवी आहे. तुला काय हवं?’ ती म्हणाली, ‘बाईंनी वर्गात सांगावं की माझ्याकडे काही सापडलं नाही. ते कोणी बोललंच नाही.’

वडिलांच्या जाडजूड फाईलमध्ये ही मागणी नव्हती, माझ्या खोलीत ती सापडली. तपासणी चाळीस मुलांसमोर झाली, पण तिचा निकाल कोणीच जाहीर केला नाही. काही न सापडणं हाही निकालच आहे, आणि ज्यांनी तपासणी पाहिली त्यांच्यासमोरच तो सांगायला हवा. मुख्याध्यापकांच्या खोलीत मागितलेल्या माफीने हे भागत नाही.

आता कायद्याचं. शाळेने दप्तर कसं तपासावं हे सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही, म्हणून दोन्ही बाजू ठासून बोलतात. पण आधार आहेत. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधला मूलभूत हक्क ठरवला, आणि तो अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो असं कुठे म्हटलेलं नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. तो 6 ते 14 वयोगटासाठी आहे. त्यापुढच्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 75 पाहावं: ताब्यातल्या मुलाला विनाकारण मानसिक वा शारीरिक यातना होतील असं क्रौर्य हा गुन्हा आहे. साधी दप्तर तपासणी त्यात बसणार नाही, हेही पालकांनी समजून घ्यावं. पायरी ओळखून बोललं तर शाळा ऐकते.

पायऱ्या अशा. ठोस कारण असेल तर शिक्षक मुलाला दप्तर दाखवायला सांगू शकतात. पण ते वर्गाबाहेर, दुसऱ्या एका शिक्षकासमोर, आणि वस्तू मुलाने स्वतःच्या हाताने काढाव्यात. खिसेसुद्धा त्यानेच उलटे करावेत. अंगाला हात लावणं ही वेगळी पायरी आहे. पोलिसांनासुद्धा स्त्रीची झडती स्त्रीकडूनच आणि सभ्यता सांभाळून घ्यावी लागते, शिक्षक तर पोलीसही नाहीत. कपडे उतरवायला लावलं तर शाळेशी चर्चा करत बसू नका. लगेच 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन, आणि पोलीस ठाणं. मोबाईलचंही तसंच आहे. नियम मोडून आणला म्हणून काढून घेणं एक, आणि तो उघडून मेसेज वाचणं अगदी दुसरं.

शाळेकडे तक्रारीचा अर्ज दोन दिवसांत द्या, उशीर झाला की प्रत्येकाची आठवण बदलते. एकच पान. तारीख, तास, कोण हजर होतं, कोणी कशाला हात लावला, कोण काय बोललं, तेही मूळ शब्दांत. ‘अमानुष’, ‘लज्जास्पद’ असे शब्द गाळा, कारण ते वाचणारा बचावाला उभा राहतो. शेवटी मागण्या लिहा. या केसमध्ये तीन होत्या: त्याच वर्गात ‘काही सापडलं नाही’ हे सांगावं, पुढे तपासणी कशी करणार ते लेखी द्यावं, आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेवून त्याच दिवशी पालकांना कळवावं. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधी टाकू नका. तिथे वाद पालकांमध्येच पेटतो आणि मुलीचं नाव सगळीकडे होतं.

‘नंतर त्रास देतील’ या भीतीवरही अशी पोच उपयोगी पडते. लेखी तक्रार नोंदलेली असेल तर नंतरच्या वागण्याकडे त्याच नजरेने पाहिलं जातं. शाळेने दाद दिली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे, लेखी तक्रार करता येते. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. इथे तिथवर जावं लागलं नाही. मुख्याध्यापकांनी तिन्ही मागण्या मान्य केल्या. बाई वर्गात तीनच वाक्यं बोलल्या, जरा ताठ आवाजात. पण बोलल्या. पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत, तरी मुलगी शाळेत जायला लागली.

मुलांना घरी एवढं शिकवा: हिसकाहिसकी करायची नाही, पळायचं नाही. ‘मी स्वतः काढून दाखवतो, आईला फोन करा’ असं शांतपणे म्हणायचं. माफीनामा लिहायला सांगितला तर ‘घरचे आल्यावर लिहीन’ म्हणायचं. घाबरलेलं मूल न केलेलंही लिहून देतं आणि तो कागद पुढे शाळेच्या फाईलमध्ये राहतो.

आणि खरंच काही सापडलं तर? तरीही मुलाला वर्गासमोर उभं करता येत नाही. वस्तू कुठे आणि कोणासमोर मिळाली ते लिहून ठेवायचं आणि पालकांना बोलवायचं. पालकांनी शाळेत काही ठरवू नये. मुलाला घरी आणावं, जेवू द्यावं आणि मग ‘का घेतलंस?’ ऐवजी ‘काय झालं ते पहिल्यापासून सांग’ म्हणावं. ‘का’ला मुलं बहुतेक वेळा बचाव सांगतात. ‘काय झालं’ला निदान घटना तरी कळते.