बांगड्या फोडायला पुढे कोण होतं?

"सासऱ्यांना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. ते गेले की भावकीतल्या बायका जमतील, आत्तींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, बांगड्या फोडतील, कुंकू पुसतील, जोडवी काढतील. माझ्या आईचं हे सगळं मी लहानपणी बघितलंय. परत बघवणार नाही. पण मी पडले सून. बोलले तर म्हणतील, मयताच्या दारात भांडण काढलं. काय करू?"

थोड्याफार फरकानं हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. मुली विचारतात, सुना विचारतात, क्वचित एखादा मुलगाही. इथं लिहितेय ती हकिगत त्या सुनेच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, एवढं पुरे.

माणूस जिवंत असताना त्याच्या मागचं बोलायचं, हेच तिला पाप वाटत होतं. मी म्हटलं, बोलायचं तर आत्ताच. त्या घटकेला कुणी काही ठरवत नसतं. जिचा नवरा गेला ती भानावर नसते, मुलगा बाहेर पाहुण्यांना फोन करण्यात असतो, आणि आत सवयीनं सगळं उरकलेलं असतं. कितीतरी बायका वर्षांनंतर माझ्यासमोर रडतात तेव्हा नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल कमी आणि मनगटात घुसलेल्या काचेबद्दल जास्त बोलतात.

मग मी तिला विचारलं, तुमच्या भावकीत हे करायला पुढे कोण होतं?

तिनं क्षणात सांगितलं. थोरल्या चुलत सासूबाई. त्या स्वतः ऐन तिशीत विधवा झालेल्या. मला नवल वाटलं नाही. जिच्या बांगड्या एकदा फुटल्या तिच्याकडेच पुढं हे काम येतं, असं मी बऱ्याच घरांत ऐकलंय. ती बाई दुष्ट नसते. तिला हे करायचंय का, असं मात्र तिला कधी कुणी विचारलेलं नसतं.

इथं जरा मागे जाते. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. सुधारक लेख लिहीत होते, व्याख्यानं देत होते, त्याचं मोल आहेच. पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच नाही म्हटलं, याचं वजन वेगळं. म्हणून मी विधवेचं मन घट्ट करण्याआधी हात कुणाचा, ते विचारते.

अलीकडची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे या विषयाच्या मागे लागले होते. कोविडमध्ये तरणीताठी माणसं गेली होती आणि विशी-तिशीतल्या पोरी पांढऱ्या कपाळानं घरात बसल्या होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पुढं अनेक गावांनी ठराव केले. काही ठिकाणी ते टाळ्या आणि फोटोपुरतेच राहिले, हेही खरं.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. पण तो दारात उभ्या असलेल्या सुनेच्या फार उपयोगी पडतो. "सुनेनं आगाऊपणा केला" याच्या जागी "गावानं ठरवलंय" म्हणता येतं. हिच्या गावातही ठराव झालेला होता, फक्त कुणी वाचला नव्हता. ग्रामसेवकांकडून तिनं त्याची झेरॉक्स आणली.

पण सगळ्यात आधी विचारायचं होतं ते आत्तींना. शेंगा फोडत बसल्या असताना तिनं विषय काढला. "मला काय विचारतीस? रीत हाय ती," एवढं म्हणून त्या उठून गेल्या. पोरगी हिरमुसली. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी आत्ती आपणहून म्हणाल्या, "डोरलं माझं मी काढीन. बांगड्यांना कुणी हात लावायचा न्हाई. रिकामा हात मला बघवणार न्हाई." आणि कुंकवाचं? "ते बघू."

या "ते बघू"चा मान राखा, असं मी सुनेला बजावलं. तिच्या मनात आत्तींनी कुंकू लावायलाच हवं असं होतं. चांगल्या मनाची, शिकलेली माणसं नेमकी इथं घसरतात. जबरदस्तीनं पुसलेलं कुंकू आणि जबरदस्तीनं लावलेलं कुंकू, दोन्हीत त्या बाईला कुणी विचारलेलं नसतंच.

चुलत सासूबाईंकडे मात्र एकटी जाऊ नको म्हटलं. बचत गटातल्या चौघीजणी बरोबर गेल्या. ठराव पिशवीतच ठेवला होता, तो काढावाही लागला नाही. एकीनं सरळ विचारलं, "आत्या, तुम्हाला हे करताना कसं वाटतं?"

"कसं वाटायचं? त्या रातीला झोप न्हाई लागत."

"मग नका करू."

"आन् मग कोण करनार?"

"कुणीच नाही."

यावर म्हातारीनं विचारलं, "मग मी तिथं करू काय?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मान होता, काम होतं, ते काढून घेतल्यावर तिनं कुठं बसायचं? त्या बायकांना सुचलं ते मलाही सुचलं नसतं. त्या म्हणाल्या, तुम्ही आत्तींच्या जवळ बसायचं, त्यांचा हात धरायचा, आणि कुणाला पुढं येऊ द्यायचं नाही.

मुलानं चुलत्यांच्या कानावर घातलं. त्यांनी "बायकांचं बायका बघतील" म्हणून विषय संपवला. या वाक्याचा एरवी मला राग येतो, त्या दिवशी सोयीचं झालं.

सासरे पंधरवड्यात गेले. तिरडी उचलायच्या वेळी माहेरकडच्या एका पाहुणीनं "अगं, बांगड्या राहिल्या" म्हणून हाक दिली. चुलत सासूबाईंनी आत्तींचं मनगट दोन्ही तळव्यांत धरलं होतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्यात." कुणी पुढं आलं नाही. डोरलं आत्तींनी नंतर, घरात गेल्यावर, स्वतः काढलं.

सगळं गोड झालं असं नाही. सुनेची थोरली जाऊ बाराव्याच्या जेवणाला आली नाही, अजून बोलत नाही. संक्रांतीला बचत गटानं आत्तींना हळदीकुंकवाला बोलावलं, तर त्या "यंदा नको" म्हणाल्या. सुनेनं मला रडत फोन केला, एवढं करून काय उपयोग. मी म्हटलं, बोलावणं गेलं आणि नाही म्हणायचं त्यांच्या हातात राहिलं. पुढच्या वर्षी परत बोलवा.

ज्यांच्या घरी हे सगळं आधीच होऊन गेलंय, ते विचारतात की आता काय करायचं. तिच्याशी त्या दिवसाबद्दल बोला, विषय टाळू नका. बांगड्या भरायच्या का, हे तिलाच विचारा, आणि हो म्हणाली तर कासाराकडे तिच्याबरोबर जा. झोप-जेवण सुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि बाराव्यानंतर पाहुणे पांगतात तेव्हा तलाठ्याकडे जायला तिच्याबरोबर कुणीतरी हवं असतं. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं का, बँकेत नॉमिनी कोण आहे, संजय गांधी निराधार योजनेत ती बसते का. या गावात त्याच चौघी आत्तींना घेऊन तलाठी कार्यालयात गेल्या. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला नव्हता म्हणून परत आल्या, दुसऱ्या खेपेला वारस नोंदीचा अर्ज दिला.