किनाऱ्यावरच्या सेन्सरचा आकडा अचानक पडला तर तो डेटा खराब समजायचा का?

तुम्ही लिहिलंय की गोव्याच्या मांडवी नदीत जेटीच्या खांबाला लावलेला सेन्सर दर 15 मिनिटांनी आकडे पाठवतो, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात क्षारता (साधारण एक किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ) दोन-तीन तासांत 28 वरून 5 वर आली आणि प्रोग्रामने तो सगळा तुकडा खराब ठरवून काढून टाकला, हे बरोबर झालं का. माझ्या मते नाही झालं. पावसाचं गोडं पाणी नदीत उतरायला लागलं की असंच होतं, तुमच्या सेन्सरने बहुतेक खरंच सांगितलंय.

मी बरीच वर्षं हाच डेटा तपासतोय, म्हणून आधी एक विनंती, काहीही डिलीट करू नका. मूळ फाइल आली तशी वेगळी ठेवा आणि शेजारच्या कॉलममध्ये फ्लॅग, म्हणजे आकडा कितपत भरवशाचा ते सांगणारा अंक, लिहा. क्वारटॉड नावाची अमेरिकन पद्धत आहे, त्यात 1 म्हणजे पास, 2 म्हणजे तपासलंच नाही, 3 संशयास्पद, 4 नापास आणि 9 म्हणजे आकडाच आला नाही. यातला 3 सगळ्यात कामाचा, कारण तो म्हणतो की इथे माणसाने बघावं. नवीन मुलं 4 फार सढळ हाताने देतात आणि नेमका पहिल्या पुराचा डेटा त्यात जातो.

रेंज टेस्ट, म्हणजे आकडा मर्यादेत आहे का ही तपासणी, दोन पातळ्यांवर लावा. सेन्सर मोजूच शकत नाही किंवा निसर्गात शक्यच नाही असा आकडा आला तर 4, आणि त्या महिन्याला न शोभणारा आला तर फक्त 3. मे महिन्यात खारं पाणी मांडवीत पार आतपर्यंत चढतं आणि जुलैत पणजीला वरचा थर जवळजवळ गोडा असतो, मग वर्षभराला एकच मर्यादा कशी चालेल? त्यात गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली राहतं आणि तुमचा सेन्सर खांबाला पक्का बांधलेला, म्हणजे भरती-ओहोटीबरोबर त्याच्यासमोरून कधी हा थर जातो कधी तो. एवढ्याने रेट-ऑफ-चेंज टेस्ट (आकडा फार झपाट्याने बदलला का ते बघणारी) दिवसातून चारदा ओरडते. उधाणाला सुकतीच्या वेळी प्रोब (सेन्सरचं पाण्यात बुडणारं टोक) पाण्याबाहेर तर राहत नाही ना तेही खोलीच्या कॉलममध्ये बघा, तसं असेल तर क्षारता शून्यावर जाते आणि तापमान हवेसारखं वागायला लागतं, तिथे मात्र बिनधास्त 4 द्या.

घड्याळ आधी तपासा हे मी प्रत्येकाला सांगतो. लॉगर (आकडे साठवणारं यंत्र) यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर, आणि तुम्ही आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ, धरून बसलात तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास, म्हणजे सगळं जवळजवळ उलटंच दिसतं. मुरगावचं भरतीचं कोष्टक सर्व्हे ऑफ इंडिया काढतं, ते शेजारी ठेवा. भरतीला क्षारता सगळ्यात कमी दिसायला लागली तर नदीवर शंका घेण्याआधी लॉगरची सेटिंग उघडून बघा.

स्पाइकचं, म्हणजे मध्येच एकदम उसळणाऱ्या आकड्याचं, थोडक्यात सांगतो. गढूळपणाचे एकेकटे उंच काटे फेरीबोटीच्या वेळांशी जुळतात का बघा, जुळत असतील तर तो खरा उसळलेला गाळ आहे.

आता खरा त्रास म्हणजे प्रोबवर चढणारा जीव. आधी बुळबुळीत थर येतो, मग बार्नेकल, म्हणजे खडकाला घट्ट चिकटतात ते कवचाचे बारीक जीव. एकदा कोरड्या महिन्यांत तीन-चार आठवड्यांनी प्रोब वर काढला तर कंडक्टिव्हिटीच्या (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून त्यावरून क्षारता काढतात) भोकात हरभऱ्याएवढं बार्नेकल घट्ट बसलेलं, आणि ग्राफमध्ये क्षारता रोज किंचित किंचित उतरत गेलेली, इतकी हळू की एकाही ऑटोमॅटिक टेस्टने पकडली नाही. याला उपाय वहीचा. जेटीवर गेलात की आधी न पुसता रीडिंग घ्या, बाजूला कॅलिब्रेट केलेला हातातला मीटर सोडून त्याचं घ्या, मग प्रोब साफ करून पुन्हा दोन्हीची घ्या. मधल्या वेळेत नदी किती बदलली ते हातातल्या मीटरवरून कळतं, ते वजा केलं की उरलेला फरक त्या थराचा. त्यानंतर बफर किंवा स्टँडर्डमध्ये (आकडा आधीच माहीत असलेल्या द्रावणात) बुडवून जो फरक राहतो तो सेन्सरचा स्वतःचा ड्रिफ्ट, म्हणजे हळूहळू सरकत जाणारी चूक. दोन्ही वेगळे लिहा आणि मागच्या भेटीपासून हळूहळू वाढत गेले असं धरून दुरुस्ती वेगळ्या कॉलममध्ये करा.

पण प्रत्येक उतार म्हणजे ड्रिफ्ट नाही, आणि ही चूक मी स्वतः केलीय म्हणून कळकळीने सांगतो. सप्टेंबर अखेरीचा, नदीच्या तोंडाबाहेर तळाजवळ लावलेल्या सेन्सरचा डेटा होता, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काही दिवसांत लिटरला 5 वरून दीड मिलिग्रॅमवर आलेला. मी शेवाळ समजून रेघ सरळ करून टाकली. नंतर त्याच फाइलमध्ये तापमान बघितलं तर तेही 28 वरून 24 वर आलेलं आणि क्षारता वाढलेली. शेवाळाने पाणी थंड होत नाही हो! पावसाळ्याच्या शेवटाला आपल्या किनाऱ्यासमोर खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं, ते मी माझ्या हाताने पुसलं होतं. मूळ फाइल होती म्हणून परत आणता आलं. तेव्हापासून मी एक कॉलम एकटा बघतच नाही.

ऑक्सिजनचं अजून एक, बऱ्याच ऑप्टिकल (प्रकाशाने मोजणाऱ्या) सेन्सरना क्षारता सांगावी लागते. 28 अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात साधारण 7.8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.4 च्या आसपास. सेटिंग शून्यावर राहिली तर मे महिन्यातले आकडे पाचव्या हिश्श्याने जास्त दिसतात आणि सगळ्या टेस्ट पास होतात. सेन्सर खाजनाच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीच्या) मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, असेल तर तेही नोंदवून ठेवा, कारण दार उघडलं की आतलं तापलेलं पाणी एकदम बाहेर येतं आणि ग्राफवर ते बिघाडासारखं दिसतं.

तुमच्या जूनच्या तुकड्याला सध्या 3 द्या, त्या दिवसांचा पाऊस आणि भरतीच्या वेळा त्याखाली लावून बघा. प्रत्येक भरतीला क्षारता थोडी वर येऊन ओहोटीला परत पडत असेल तर 3 चा 1 करा.