झार, सम्राट की अजून काही? आणि ते 'अनियंत्रित' कधीपर्यंत लिहायचं

प्रश्न असा आलाय की रशियाच्या दुसऱ्या निकोलसला काही मराठी पुस्तकांत झार म्हणतात, काहींत सम्राट, त्याच्या राज्याला कुणी झारशाही लिहितं, कुणी अनियंत्रित राजसत्ता, कुणी सरळ हुकूमशाही, तर यातलं बरोबर काय, आणि झारची बायको झारिना हे खरं का. विचारलंय दोन ओळीत पण उत्तर लांबणार.

झार हा उच्चार आपल्याकडे इंग्रजीतनं आला. रशियन माणूस जो आवाज काढतो तो आपल्या चाक, चारा, चूक यातल्या च च्या जवळचा (आकड्यातल्या चार चा नव्हे), म्हणजे मराठी जिभेला तो इंग्रजांपेक्षा खरं तर सोपा, फक्त आपण दोन्ही च सारखेच लिहितो म्हणून मग काही जण त्सार लिहितात. लिहा की. पण त्सारशाही वगैरे कृपया नको, झारशाही चांगला रुळलेला शब्द आहे.

मूळ ज्युलियस सीझरचं नाव. जर्मनांचा कैसर तोच आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीची जी पदवी जाहीर झाली ती कैसर-ए-हिंद, ती पण त्याच घराण्यातली. रशियनमध्ये हा शब्द बराच ढिला वापरला जायचा, कॉन्स्टँटिनोपल म्हणजे त्सारग्राद, बायबलमधला डेव्हिड राजा झार, आणि ज्यांना मॉस्कोवाले खंडणी भरायचे ते तातार खानसुद्धा झार. पश्चिमेकडच्या राजांना मात्र वेगळा शब्द, कोरोल, आणि तो आलाय पश्चिम युरोपचा मध्ययुगीन बादशहा शार्लमेनच्या कार्ल या नावावरून. म्हणजे एक राजा सीझरच्या नावाचा, दुसरा कार्लच्या. तर मॉस्कोच्या चौथ्या इव्हाननं, तोच तो इव्हान द टेरिबल, १६ जानेवारी १५४७ ला झार म्हणून राज्याभिषेक करून घेतला तेव्हा त्याचा अर्थ होता की मी आता नुसता मॉस्कोचा राजा नाही, खानाच्या आणि बायझंटाइन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या) बादशहाच्या तोडीचा आहे.

पुढे १७२१ ला स्वीडनबरोबरचं एकवीस वर्षांचं युद्ध जिंकल्यावर पीटर द ग्रेटनं लॅटिन पदवी घेतली, इम्पेरातोर. तेव्हापासून १९१७ पर्यंत कागदोपत्री तो सम्राट, आणि झार हा शब्द उरला लांबलचक पदवीच्या शेपटात, कझानचा झार, अस्त्राखानचा झार, सायबेरियाचा झार, पोलंडचा झार असा. लोकांच्या तोंडी मात्र झारच. त्यामुळे दोन्ही चालतं, कायद्याबद्दल लिहिताना सम्राट आणि एरवी झार असं मी तरी करतो. गंमत म्हणजे खुद्द निकोलसला पीटरचं युरोपी वळण फारसं आवडायचं नाही, जुन्या मॉस्कोचं प्रेम जास्त. १९०३ मध्ये हिवाळी राजवाड्यात सतराव्या शतकातल्या पोशाखांचा बॉल (नाचाचा समारंभ) ठेवला तिथे तो पीटरचा बाप झार अलेक्सेई बनून आला आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला त्याचं नाव पण अलेक्सेईच ठेवलं.

आता खरा मुद्दा, अनियंत्रित. पदवीत सम्राटाच्या जोडीला जो शब्द आहे तो सामोदेर्झेत्स. साम म्हणजे स्वतः आणि देर्झात म्हणजे धरणं, स्वतःच्या हातात सत्ता धरणारा, ग्रीकमधल्या ऑटोक्रॅटॉरचं शब्दशः भाषांतर. तिसऱ्या इव्हानच्या काळात, म्हणजे १४८० मध्ये तातारांचं जोखड गेलं त्या सुमारास, याचा अर्थ एवढाच की हा कुणाचा मांडलिक नाही. घरातल्यांवर किती हुकूम चालतो याच्याशी त्याचा संबंध नंतर जुळला. १८३२ च्या कायदेसंहितेत पहिल्याच कलमात लिहिलं की सम्राट हा सामोदेर्झेत्स आणि अमर्याद आहे, दोन वेगळे शब्द हे लक्षात घ्या. मराठी पुस्तकांतलं अनियंत्रित हे खरं तर त्या दुसऱ्या शब्दाचं भाषांतर आहे.

आणि भांडण नेमकं त्या दुसऱ्या शब्दावर झालं. १९०५ चा जानेवारी, पीटर्सबर्गला कामगार पाद्री गापोनच्या मागे अर्ज घेऊन निघाले, हातात देवांच्या तसबिरी आणि झारचे फोटो, कारण झार म्हणजे बात्युश्का, आपल्याकडे मायबाप सरकार म्हणायचे तसं, आणि सैन्यानं गोळ्या घातल्या. निकोलस शहरात नव्हताच. मग वर्षभर संप, दंगे, ऑक्टोबरात सगळी रेल्वे बंद, शेवटी १७ ऑक्टोबरचा जाहीरनामा, निवडलेली दूमा, म्हणजे संसद, मिळेल आणि तिच्या मान्यतेशिवाय कायदा होणार नाही. झालं, आता पहिलं कलम बदलायला पाहिजे, कारण दूमाला विचारायचं तर अमर्याद कसला? एप्रिल १९०६ मध्ये त्सार्स्कोये सेलोला बैठका झाल्या (या गावाच्या नावातला त्सार मूळचा नव्हेच, सारी अशा फिनिश नावाचं राजघराणं राहायला आल्यावर झालेलं रूप आहे). पूर्वजांकडून आलेली सत्ता कमी करायचा मला हक्क आहे का या विचारात निकोलस अडकला, मंत्री सांगत होते की शब्द ठेवला तर जाहीरनामा मोडल्यासारखं होईल, तरी निर्णय शेवटपर्यंत लांबवला आणि मग अमर्याद काढलं, सामोदेर्झेत्स ठेवलं. पण राजघराण्याच्या नियमांचा भाग मागे वेगळा होता, तिथे कलम २२२ मध्ये अमर्याद तसंच राहून गेलं. राजनिष्ठांना तेवढं पुरेसं होतं.

आता उरलेल्या शब्दाचा अर्थ काय, यावर पुढची अकरा वर्षं गेली. निकोलसच्या मते काहीच बदललं नव्हतं. दूमाच्या मते तो जुना मानाचा शब्द होता, बस. पहिली दूमा जुलै १९०६ मध्ये विसर्जित, दुसरी ३ जून १९०७ ला, आणि त्याच दिवशी दूमाला न विचारता निवडणुकीचा कायदा बदलला, जे त्यांच्याच नव्या कायद्यात बसत नव्हतं. त्यातून जमीनदारांची भरती झालेली तिसरी दूमा आली, ती तरी गप्प बसेल ना? नोव्हेंबर १९०७ मध्ये तिनं सम्राटाला अभिनंदनाचं पत्र पाठवलं त्यातनं सामोदेर्झेत्स शब्द मतदान करून गाळला, आणि लगेच पंतप्रधान स्तोलिपिननं भाषणात तो शब्द ठासून परत आणला. मंत्री दूमाला जबाबदार नव्हते, सम्राटालाच, आणि दूमा बंद असताना कलम ८७ वापरून वटहुकूम काढता यायचे, त्यामुळे स्तोलिपिनचं म्हणणं अगदी हवेतलं नव्हतं.

निकोलसच्या मनात काय होतं ते १८९७ च्या जनगणनेच्या फॉर्मवरून कळतं. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, खोझ्याइन, रशियन भूमीचा. याचं भाषांतर मालक करतात, मला धनी बरं वाटतं, कारण खोझ्याइन म्हणजे घरचा कर्ता, शेताचा मालक, नोकरांचा बॉस सगळं एकात. अशा माणसाला घटना म्हणजे घरात भाडेकरू घुसल्यासारखी वाटणार. आणि शेवटी २ मार्च १९१७ ला (आपल्या कॅलेंडरनं १५ मार्च) प्स्कोव्हला रेल्वेच्या डब्यात त्यानं गादी सोडल्याच्या कागदावर सही केली, त्यात ज्याला गादी दिली त्या भावाला सांगितलं की लोकप्रतिनिधींबरोबर पूर्ण एकजुटीनं राज्य कर, ते ठरवतील त्या तत्त्वांवर. भावानं दुसऱ्या दिवशी नकार दिला.

तेव्हा वापर असा करा. १९०६ पर्यंत अनियंत्रित किंवा निरंकुश राजसत्ता बिनधास्त लिहा. त्यानंतरच्या अकरा वर्षांना मी एकतंत्री राजवट लिहीन, दूमा होती हे सोबत सांगून. हुकूमशाही नको, तो शब्द वारशानं न मिळालेल्या सत्तेचा आहे, मुसोलिनीला ठीक. झारशाही सगळ्याला चालतो पण त्यात विरोधकांचा सूर आहे, क्रांतिकारक ज्या व्यवस्थेला शिव्या घालायचे ती, आणि मराठीत शाही लावलं की निजामशाहीसारखं राज्य आणि लोकशाहीसारखी पद्धत दोन्ही होतं त्यामुळे आपली सोय झाली.

झारिना मात्र रशियन नाही, युरोपी शेपूट लावलेलं रूप आहे, रशियन शब्द त्सारित्सा आणि पदवी सम्राज्ञीची. कॅथरीन द ग्रेटला तरी सम्राज्ञीच म्हणा, ती कुणाची बायको म्हणून राज्य करत नव्हती. मुलाचं पण तसंच, त्सारेविच म्हणजे झारचा कुठलाही मुलगा, गादीचा वारस तो त्सेसारेविच, म्हणून अलेक्सेईला राजपुत्र नाही, युवराज.