वीस म्हणजे वीस

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. नर्सिंगची जीएनएम झालीस, कौन्सिलची नोंदणी झाली, ड्युटीला लागून चार महिने झाले, तरी वॉर्डात कुणी 'सिस्टर' म्हणून हाक मारली की तू मागे वळून बघतेस, कोण आलं म्हणून. वाचून हसले. माझं वर्षभर तेच चाललं होतं.

ते कधी थांबलं, सांगते. नोकरीतल्या पहिल्याच पावसाळ्यात एक फुरसं साप चावलेला माणूस आला. त्याचं दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ठेवलं होतं. विषाने रक्त गोठायचं थांबलंय का ते बघायला अशी नळी वीस मिनिटं हलवायची नसते, तुला माहीतच आहे. पण डॉक्टर घाईत, नातेवाईक दारात. मी दहाव्या मिनिटालाच उचलून तिरकी केली. रक्त पातळ दिसलं. दहा मिनिटांत धडधाकट माणसाचंही पुरतं गोठेलच असं नाही! इन्चार्ज सिस्टरनी नळी हातातून काढून घेतली, 'वीस म्हणजे वीस' एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा रक्त काढायला लावलं. त्या बिचाऱ्याला दुसरी सुई माझ्यामुळे टोचली.

पुढच्या मे महिन्यात आंब्याच्या बागेतून एक तरुण आला. परत फुरसंच. कातळावरच्या दगडाखाली हात गेला होता. दंडाला सुंभ करकचून बांधलेलं, बोटात अंगठी, हात सुजत चाललेला. अंगठी आधी काढली. रक्त ठेवलं, घड्याळ बघून वेळ हातावर पेनाने लिहिली. हिरड्या बघितल्या, बीपी घेतलं, अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलं, कारण एएसव्हीची, सापाच्या विषावरच्या इंजेक्शनची, रिअ‍ॅक्शन यायला वेळ लागत नाही. त्याची आई माझ्यावर करवादली, "गो चेडवा, ह्या रगताक बघत काय बसलंस?" डॉक्टरही दोनदा डोकावले. "झालं का?" माझ्या तोंडून निघालं, "अजून सहा मिनिटं, सर." ते थांबले. विसाव्या मिनिटाला नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं. एएसव्ही सुरू झालं.

त्या सहा मिनिटांचा हिशेब माझा होता. कुणी सांगितलं म्हणून मी थांबले नव्हते, मला ठाऊक होतं म्हणून थांबले होते. त्यानंतर मी वळून बघितलं नाही.

'मी नुसती नर्स आहे, डॉक्टरांना विचारा' हे वाक्य मात्र तोंडात बसू देऊ नकोस. फार सोयीचं असतं ते, म्हणून चटकन बसतं. आणि रुग्णाकडे बघत बसणं हे हलकं काम आहे असं कुणी म्हटलं, तर बिरवाडीची आठवण दे. रायगडातल्या त्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले, त्यातूनच विंचवाच्या विषावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे आला.

आता भातलावणी येईल, साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणारे लेप्टोचे ताप येतील. ताप, अंगदुखी, लाल डोळे घेऊन कुणी आलं की शेतात उतरला होतात का, पायाला जखम आहे का, हे तू विचार. कुणी सांगायची वाट बघू नकोस. आणि 'रात्र ठीक गेली' असलं काही कागदावर लिहू नकोस. रात्री दोनला लघवी किती झाली, रंग कसा होता, ते लिही. सकाळी पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना तेच तोंडाने सांग, समोरची जांभई देत असली तरी. किडनी बिघडत चालल्याचं पहिल्यांदा बऱ्याचदा त्या लघवीच्या आकड्यातच दिसतं.

मुंबईला जावं की आखातात, हे तू विचारलंयस. जा की. कोकणातून माणसं जातच आली आहेत. दोन पावसाळे इथे काढून जा, एवढंच म्हणेन. इथे रात्रपाळीला हाताशी माणसं कमी, म्हणून हात लवकर तयार होतो.

आणि हो, उद्या ड्युटीवर गेलीस की इमर्जन्सी ट्रेमधली काचेची नळी बघ. साबणाने धुतलेली असेल तर बाजूला काढ, तसल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही. नव्या मागव. इंडेंट तू स्वतः लिही.

तुझी,
मावशी