त्यांना आता आरामच करू द्यायचा का?

घरचे लोक हा प्रश्न मला खूपदा विचारतात, म्हणून एक केस सांगते, ओळख लागणार नाही इतपत बदल करून. सर केमिस्ट्रीतले संशोधक, पन्नाशीच्या आतले, एएलएस निघाला. म्हणजे स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात, आधी हात गेले मग बोलणं जड झालं. बायको म्हणाली, "मॅडम, नोकरी सोडा म्हटलं की चिडतात, आणि मुलगा रोज स्टीफन हॉकिंगचे व्हिडिओ लावतो, बाबा हे बघा म्हणून." सर अडखळत म्हणाले, "मी हॉकिंग नाहीये."

खरंच आहे ते. हॉकिंग हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ, त्यांना 1963 मध्ये, 21व्या वर्षी हाच आजार कळला, डॉक्टरांनी दोनेक वर्षं सांगितली आणि ते 2018 पर्यंत जगले, पण असं फार क्वचित होतं, बहुतेकांना दोन ते पाच वर्षंच मिळतात, आणि मग आपलीच जिद्द कमी पडली असं पेशंटला वाटायला लागतं, ते मला बघवत नाही.

मुलाला म्हटलं, अरे हॉकिंगची जिद्द राहू दे, त्यांची सोय कशी लावली होती ते बघ. 1985 मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडलं, आवाज गेला, तेव्हा समोर कोणीतरी अक्षरांचं कार्ड धरून एकेक अक्षर दाखवायचं आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उचलायचे. कॉम्प्युटर त्यानंतर आला. नर्स, विद्यार्थी, इंजिनिअर, केवढी माणसं लागली!

आणि बसून विचार केल्याने हा आजार वाढत नाही हो, थकवा येतो तेवढा सांभाळायचा. सकाळचे दोन तास चांगले जातात ना, ते कामाला ठेवा, दुपारी झोप. आवाज आहे तोवर रेकॉर्ड करून ठेवा, हे मी सगळ्यांनाच सांगते, लोक फार उशीर करतात.

पुढच्या वेळी मुलाने पुठ्ठ्यावर क ख ग घ लिहून आणलं होतं. सरांनी ते बाद केलं! ङ आणि ञ कशाला हवेत म्हणे, पेपरातलं एक पान घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मुलाला मोजायला लावलं आणि जास्त लागणारी वरच्या ओळीत घेतली, चार दिवस दोघं त्यातच होते. बायको म्हणाली, "आता खाली चौकोन पण हवेत म्हणतात, पाणी, पंखा, पाठ खाजव, आणि एक विद्यार्थ्यांसाठी, 'परत करून बघ'."